माझ्या हातचं ब्रॉथ

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोज लिहायचं. कारण मोठं आहे. लॅबच्या मॅडमनी तुलना लावली आहे. एकीकडे मी शिजवलेल्या ब्रॉथची, म्हणजे जंतू वाढवायच्या सूपची बाटली, दुसरीकडे कंपनीची तयार बाटली. तापाच्या पेशंटचं रक्त दोन्हींत निम्मं-निम्मं घालायचं आणि त्यातले जंतू कुठे आधी वाढतात ते बघायचं. तयार बाटली जिंकली तर माझी ब्रॉथखोली बंद.
सत्तावीस वर्षं जंतूंना जेवू घालतोय. तयार जेवणाला हातची चव येत नाही. निकाल लागल्यातच जमा आहे.
संकल्प: बाटल्या दिवसातून दोनदाच बघायच्या.

४ मार्च
अकरा वेळा बघितल्या. पण हलवल्या नाहीत. (दोन हलवल्या.)

५ मार्च, दुपारी
रक्त मीच काढतो. बाटलीचं बूच स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं, मग सुई. माझ्या बाटलीच्या बुचावर मी पुसल्यावर अंगठा टेकवतो आणि मनात देवाचं नाव घेतो. जुनी सवय. कंपनीच्या बाटलीवर टेकवत नाही, तिच्या दिमतीला यंत्र आहे, जंतू वाढला की शीळ घालणारं.
वॉर्डातली सिस्टर म्हणाली, मामा, बाटलीचा अंगठा घेताय का, सही येत नाही वाटतं तिला. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
माझ्या आठ बाटल्या गढूळ, म्हणजे आठांत जंतू. यंत्राने अजून एकदाही शीळ घातलेली नाही. आठास शून्य.
मॅडमचं तोंड मात्र उतरलेलं. म्हणाल्या, आठही पेशंटना एकच जंतू कसा, आणि तोही कातडीवरचा, निरुपद्रवी. मी म्हणालो, साथ असेल. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. कौतुक काहींना बोलून दाखवता येत नाही.
बायको म्हणाली, जेवताना पाय हलवू नका, टेबल हलतंय.

१२ मार्च
मेहुणा वॉर्डात. तीन दिवस ताप, औषध चालू, उतार नाही. मी सुई काढली तर म्हणतो, भावोजी, माझ्या रक्तात ताईच्या धाकाशिवाय काय सापडणार तुम्हाला. आवाज मात्र खोल गेलाय.
बायको म्हणाली, एकच भाऊ आहे मला, नीट बघा.
नियम निम्म्या-निम्म्याचा. पण घरच्या माणसावर प्रयोग कसला करायचा? सगळं रक्त माझ्याच बाटलीत घातलं. अंगठा जरा जास्त वेळ टेकवला.

१३ मार्च, सकाळी ७.४०
गढूळ! बायकोला सांगून टाकलं, सापडला, आता काळजी नको.

११.००
मॅडम म्हणाल्या, पुन्हा तोच कातडीवरचा. दुसरी बाटली कुठे आहे? मी म्हणालो, गरज वाटली नाही. त्या खुर्चीत बसल्या. मेहुण्याचा ताप एकशे चार. बायको वॉर्डाबाहेर बाकावर. तिच्यासमोरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने फिरतोय. सहा फेऱ्या झाल्या.

२.१५
यंत्राने शीळ घातली. सिस्टरने काल माझ्यामागे दुसऱ्या हातातून रक्त घेऊन कंपनीच्या बाटलीत घातलं होतं. म्हणाली, मामा, तुमचा भरवसा नव्हता. त्या बाटलीतले बारीक दाणे रक्तातलं औषध शोषून घेतात, म्हणून औषधाने दबलेला जंतूही वाढला. खरा, वाईट जंतू. औषध बदललं.

१५ मार्च
मॅडमनी काल सगळ्यांचे अंगठे जंतू वाढवायच्या ताटल्यांवर टेकवून घेतले होते. माझ्या ताटलीत आज नेमका तोच. अहवालात लिहिलंय: हातच्या बाटल्यांत जंतू, नऊ. पैकी पेशंटचे, शून्य. तंत्रज्ञाचे, नऊ.
हातची चव आली म्हणायची.
देवाकडे बोट दाखवता येत नाही. नाव त्याचं, अंगठा माझा.

१८ मार्च
ब्रॉथखोलीची किल्ली मॅडमकडे दिली. मेहुणा उठून बसला, पेज प्यायला. सिस्टरने त्याला सगळं सांगितलेलं दिसतं. म्हणाला, भावोजी, इतकी वर्षं तुम्ही नुसते ताईकडून नातेवाईक होता. आता आपलं रक्ताचं नातं.
माझे जंतू रक्तात नव्हते, फक्त बाटलीत होते, हे त्याला समजावून सांगणार होतो.
बायको पंधरवड्यात पहिल्यांदा हसत होती. राहू दिलं.