आईचं संथ घड्याळ

होम्स काउंटी, ओहायो
११ जून

चि. वर्ना हिस,
मॅटीचे प्रभूच्या नावाने अ. आ. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. वाटाणा तोडून झाला, गवत कापायचं राहिलंय. खुशाली संपली, आता कामाचं लिहिते. मला गोड लिहिता येत नाही. आठ इयत्ता शिकले, त्यात ते नव्हतं.

परवा तू आईचा निरोप न घेता निघून गेलीस. तीनला निघते म्हणाली होतीस. म्हणून आई जेवून आडवी झाली, की दोनला उठून तासभर तुझ्याशी बसता येईल. सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी तुझ्यासाठी पुसून टेबलावर ठेवली होती. आमच्या भिंतीवर दोनचे ठोके पडले आणि तुझी गाडी फाटकाबाहेर! मी कोंबड्यांच्या खुराड्यात, दोन्ही हातांत अंडी. आई बुटांच्या नाड्या न बांधताच पायऱ्यांवर आली, धूळ बघितली आणि आत गेली. तेव्हापासून तुझं नाव तिच्या तोंडात नाही. मी काढलं तर भांडी घासायला उठते. घासलेलीच.

मार्चात बाहेरचे लोक उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे ढकलतात आणि आपली इथली चर्चची मंडळी ढकलत नाहीत, हे तू लग्न होईपर्यंत याच घरात बघितलंस ना? पळत्या घड्याळाच्या गावात नांदायला गेलीस म्हणून आईचं संथ घड्याळ विसरायचं? तिला एक्याऐंशी झाली, बाई.

राग आला तर येऊ दे. माया कमी करू नकोस.
तुझी,
मॅटी

---

ला ग्रेंज, इंडियाना
२० जून

प्रिय बहीण मॅटी हिस,
वर्नाचा स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून हातातलं काम हातातच राहतंय. विसरले नव्हते गं. पण डेलच्या भाड्याच्या गाडीत बसलं की त्याचंच घड्याळ डोक्यात शिरतं. गाडीत आणखी दोघं होती आणि तो भोंगा वाजवत होता. मी आईच्या दारातून डोकावले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खरं सांगू? मला वाटलं, मुद्दाम झोपली. आमच्या इथल्या मंडळीने पळतं घड्याळ घेतलं तेव्हा ती मला म्हणाली होती, की सूर्याला खोटं पाडणाऱ्या लोकांत तुला दिलीच नसती. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. म्हणून उठवलं नाही.

आणि आमचं इथे फार सुखाचं चाललंय असं समजू नकोस. पुरुष कारखान्यात जातात, म्हणून घड्याळ बदललं. संध्याकाळी उजेड उरतो, भाजीची बाग होते, एवढा फायदा खरा. पण पोरं त्या उजेडात झोपायला मागत नाहीत, गाईंना मार्च कळत नाही, आणि मी सकाळी अंधारात बादलीला अडखळते. दर मार्चात पंधरा दिवस सगळं घर एकमेकांवर खेकसतं. कंटाळा आलाय, मॅटी.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी दहाला येते. आई बसेल का माझ्याशी, तेवढं विचारून कळव.

जशी आहे तशी गोड मानून घे.
धाकटी,
वर्ना

---

होम्स काउंटी, ओहायो
२ जुलै

चि. वर्ना हिस,
मॅटीचे अ. आ. वि. वि.

विचारलं. आई म्हणाली, दहा तर दहा. पण मुरंब्याची बरणी फडताळात परत गेलेली नाही, टेबलावरच आहे. त्यातून काय ते समज. मुद्दाम झोपली म्हणे! तिला मुद्दाम झोपता आलं असतं तर या घरात मलाही चार दिवस सुखाचे मिळाले असते.

मी आईच्या बाजूची आहे असंही समजू नकोस. मला पळतं चालेल, संथ चालेल, पण एक काय ते ठरवा. माझा ॲटली बाहेरच्या माणसाच्या लाकूडगिरणीत जातो, तिथे पळतं. रविवारची प्रार्थना आणि आई, दोघी संथ. ॲटली भुकेला घरी येतो तेव्हा आईच्या जेवणाला तासभर अवकाश असतो. ती आधी जेवत नाही, त्याला दम निघत नाही. म्हणजे मी दोनदा चूल पेटवते. ॲटली म्हणतो, दोन नवरे केले असतेस तरी एवढं काम पडलं नसतं. मी म्हटलं, एकच पुरून उरलाय.

ये म्हणजे झालं. आठवण असू दे.
तुझी,
मॅटी

---

होम्स काउंटी, ओहायो
११ सप्टेंबर

चि. वर्ना हिस,
मॅटीचे प्रभूच्या नावाने अ. आ. वि. वि.

नीट पोचल्याचं तुझं पत्र आलं. आता एक सांगते. आईने सांगू नकोस म्हटलंय, पण माझ्या पोटात राहत नाही.

तू आल्या आल्या मोठ्या कौतुकाने मला म्हणालीस, की या खेपेला डेलला आईच्या घड्याळाचे दहा सांगितले होते. मी मान हलवली आणि कॉफी ओतायला आत पळाले. कारण त्या दिवशी सकाळीच आई खुर्चीवर चढली होती. या वयात! भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिने स्वतःच्या हाताने तासभर पुढे नेला. मी ओरडले, तर म्हणाली, पोरगी तिच्या घड्याळाने येणार, मी झोपलेली सापडायला नको.

मग टोपी बांधून, बुटांच्या नाड्या आवळून ओसरीवर बसली. बरणी मांडीवर. दहाचे ठोके पडले, तू नाहीस. मी म्हटलं, आत ये, ऊन लागेल. ती म्हणाली, रस्ता दिसत नाही, बाजूला हो. तासभर तशीच बसली. मला धडकी भरली होती, की आता ही उठणार आणि पुन्हा घासलेली भांडी घासणार.

तू उतरलीस तेव्हा ती तुला काय म्हणाली आठवतं? लवकर आलीस म्हणाली. तुझा चेहरा कसा उजळला. आत भिंतीवर अकरा वाजून गेले होते, बाई.

तू गेल्यावर मी घड्याळ मागे करायला खुर्ची ओढली. आई म्हणाली, राहू दे, वर्ना घरी पोचू दे, मग फिरव. वाद घालायचं त्राण नव्हतं, राहू दिलं. तेवढ्यात ॲटली गिरणीतून आला, हात धुऊन बसला, आणि आईने घड्याळाकडे बघून आपलीही खुर्ची पुढे ओढली. मार्चापासून पहिल्यांदा मी एकदाच चूल पेटवली.

जेवण झाल्यावर आई खिडकीशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, पोचली असेल आता. मग मी खुर्चीवर चढले.

पुढच्या खेपेला दहा म्हणजे कुणाचे दहा, ते पत्रात लिही. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
मॅटी