काठ पोखरणारे मासे

मंगळवार, संध्याकाळ. भातकुली

तळ उकरणारे सायप्रिनस मासे शेततळ्याच्या मातीचं भलं करतात की वाटोळं? मला सांगता येत नाही. मीच ते बाबांना सोडायला लावले. तळाच्या चिखलाचा सडका वास गेला खरा, पण आता ते काठही पोखरतायत. आज एक कड ढासळली. तळं फुटलं तर?

"तुहे मासे नांगरटी करून राहिले पोरी," बाबा म्हणाले. "ठेवू का काढू? शिकलेली तू हायेस."

"मले माहीत नाई, बाबा." घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे उत्तर!

बाबा हसले. "मंग दोघं पाहू."

सगळे काढले तर वास परत येईल? काकांच्या तळ्याचे काठ दगडी आहेत, तळ मात्र कुजलेला. अर्धे मासे आम्ही दिवस मावळायच्या आत तिकडे सोडून आलो.