दहापैकी पाच

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरमरीत पत्र पोहोचलं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून चार पानं झापलंस, त्यातली अडीच मला मान्य आहेत. प्राचार्यांशी भांडलो हे खरं, आणि माफी मागणार नाही हेही खरं. सध्या टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. बाबा आपल्या घरच्या रीतीनेच रागावलेत. ओरडत नाहीत, मी जेवायला बसलो की आईला विचारतात, हे गृहस्थ कोण? आईचं म्हणणं, तू रग्बीसाठी नोकरी सोडलीस तेव्हाही त्यांनी महिनाभर हेच विचारलं होतं.

चष्म्याच्या दुकानात एक मुलगी डोळे तपासते. माझी नजर चांगली आहे, तरी तीनदा तपासून घेतली. खालच्या ओळी मुद्दाम चुकीच्या वाचतो, म्हणजे ती पुन्हा भिंग बदलते. हसू नकोस. मला अन्न गोड लागत नाही.

देशासाठी एकोणपन्नास सामने झाले तुझे. पन्नासाव्यासाठी बाबा स्वतःला नवा शर्ट शिवताहेत; विचारलं की गिऱ्हाइकाचा आहे म्हणतात. शनिवारी टीव्हीवर तुझं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटताना दिसलं. आई उठून आत गेली. कसा आहेस?

लोभ असू दे, निम्मा रागासाठी ठेवलास तरी चालेल.
तुझा भडकू

ता. १२ मार्च

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत. बारा वर्षं स्क्रमच्या रेटारेटीत पहिल्या फळीत मधोमध मान घालतोय. कानांचे फुलकोबी झालेत, खांद्यात दोन स्क्रू आहेत, डोक्याने तेवढं का मागे राहावं? डॉक्टरांनी बाहेर नेऊन दहा शब्द ऐकवले आणि परत म्हणायला लावले. पाच आठवले. पास.

तुझ्या चष्मेवालीवरून सांगतो, तुझी युक्ती माझीच आहे. हंगामाच्या आधी हीच परीक्षा होते, आणि मार लागल्यावरचे गुण त्या गुणांशी ताडतात. तेव्हा मी मुद्दाम पाचच सांगितले होते. आता पाच पुरतात. घरी बोलू नकोस.

तुझी कॉलेजची परीक्षा जवळ आली असेल. नीट अभ्यास कर.
दादा

ता. १९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टोमणा पोहोचला. बाबांचा एक पुरेसा होता, तुझा जास्तीचा झाला. पुन्हा अभ्यासाचं काढलंस तर पत्र लिहिणार नाही.
भडकू

ता. २७ मार्च

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. अभ्यासात असशील. कितवं वर्ष आता, दुसरं की तिसरं?

इथे सराव जोरात आहे. संध्याकाळी दिवा डोळ्यांत खुपतो, म्हणून अंधारात पडून राहतो. एक गंमत सांगायची राहिली. हंगामाच्या आधी दहा शब्दांची परीक्षा होते, त्यात मी मुद्दाम पाचच सांगितले. घरी बोलू नकोस. सामना बारा तारखेला.
दादा

ता. २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. मी टोमणा समजत होतो.

मग चष्म्याच्या दुकानात गेलो. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं खरं वाचलं, आणि आधीचं खोटं का वाचलं तेही सांगितलं. तुझंही सांगितलं. ती म्हणाली, खोटं वाचणाऱ्याची नजर खरोखर गेली तर तपासणाऱ्याला कळायचं कसं? भावाचं आजच कळवा, आणि डोळे चांगले असताना पुन्हा येऊ नका. तिने भिंगांची पेटी मिटली.

तुझी दोन्ही पत्रं आज तुमच्या संघाच्या डॉक्टरांना पाठवली. पन्नासावा बहुतेक होणार नाही. बाबांना अजून बोललो नाही. शर्टाची काजं व्हायची आहेत.

लोभ मागायला आज तोंड नाही.
भडकू

ता. ९ एप्रिल

पत्र मिळालं. संघाच्या यादीत माझं नाव नाही. सोमवारी दुपारच्या एसटीने घरी पाठवताहेत.

आपण कोण, ते लक्षात येत नाही. कळवावे.

ता. ११ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कळवतो. मी तुझा धाकटा भाऊ, तुझ्याहून बारा वर्षांनी लहान. पहिल्या सामन्याची जर्सी तू मला दिलीस, ती तेव्हा माझ्या घोट्यापर्यंत यायची. अजूनही सैलच होते. मी कॉलेज सोडलं आहे. चष्म्याच्या दुकानावरून सध्या जात नाही, लांबून वळसा घालतो.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शर्टाची काजं केली, इस्त्री केली, आणि तो घालून एसटी स्टँडवर येणार म्हणतात.

हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून तुला आणणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देतोय. रागाने विचारलं असशील तर फाडून टाक, मला बरंच वाटेल. खरंच विचारलं असशील तर खिशात ठेव. उतरलास की समोर तिघं उभे असतील. नवा शर्ट घातलेले बाबा, मध्ये आई. डावीकडचा मी.

लोभाचं नंतर सावकाश बघू.
तुझा भडकू