शेवटी जेवणारीचं दुखणं

॥ श्री ॥

पौष वद्य चतुर्थी, शके १६९२
मुक्काम पुणे, शनिवार पेठ

माझ्या नातीला तुमच्या घरात भ्रमिष्ट ठरवली आहे, आणि तुम्ही तिकडे कर्नाटकात घोड्यांच्या चंदीची टिपणं लिहीत बसला आहात. हे गाऱ्हाणं आधी. आशीर्वाद मागून येतात, त्यांना घाई नाही.

चिरंजीव यज्ञेश्वरपंत यांस हडपसरच्या कुळकर्ण्यांच्या घरची द्वारकाबाई, म्हणजे तुमची आजेसासू, हिचे आशीर्वाद. छावणीत जपून असा, डोक्याला ऊन लावून घेऊ नका. यापुढे इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे. तुमच्या वडिलांचं क्षेम आहे, तुमच्या आईचं त्याहून आहे. बाकीचं पुढे वाचा.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. लेकाला सांगितलं असतं तर त्यानं निम्मं गाळून उरलेल्यात गूळ घातला असता. लहानपणी भावाच्या शेजारी बसून धुळीत बोट फिरवलं तेवढीच माझी विद्या. जोडाक्षरं चुकतील, अर्थ चुकणार नाही. अक्षर वाकडं दिसेल, ते बोरू वाईट आहे म्हणून.

आनंदीचं दुखणं तुम्ही निघालात त्या चैत्रात सुरू झालं. जेवण झालं की मळमळ, पोटात पिळवटा, मग हिरवी ओकारी. डोकं जड, हातापायांत बळ नाही. तोंडात ढबू पैसा धरल्यासारखी चव, आणि ती काही केल्या जात नाही. पोरगी वाळून तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. तुमच्या घरी आधी वाटलं की दिवस गेले. नाही गेले. मग वैद्य गोपाळकृष्ण आले. त्यांनी उंबऱ्याबाहेर बसून, मनगटावर रेशमी फडकं टाकून नाडी पाहिली. आधी वात म्हणाले, मग पित्त. दोन्हींची चाटणं संपली तरी गुण नाही, तेव्हा म्हणाले, मन.

दिवाळीला आम्ही तिला हडपसरला आणलं. चार दिवसांत ओकारी थांबली. भाकरी मागून खाऊ लागली, मळ्यापर्यंत चालत जाऊन ऊस घेऊन आली. तुळशीचं लग्न आटोपून परत पोचवली, आणि पुन्हा तेच. वैद्यांना एवढं पुरलं. माहेरी बरी आणि सासरी आजारी, मग आणखी काय शोधायचं? नवरा परमुलखी, माहेरची ओढ, त्यानं चित्त बिघडलं आणि चित्तानं पोट बिघडवलं. औषध नाही. माहेरी ठेवा, आपसूक शमेल.

मी मुद्दाम गाडी जुंपून आले आणि त्यांना गाठलं. म्हटलं, "वैद्यबुवा, मन हिरवं ओकतं का हो?"

ते हसले. म्हणाले, "आजीबाई, स्त्रियांच्या मनाचा ठाव शास्त्रालाही लागत नाही."

म्हटलं, तुमच्या शास्त्राला न लागलेला ठाव तुम्ही फडक्यावरून कसा लावलात. बुधवारातल्या एका हकिमाला विचारवलं, त्यांनी गुलकंद दिला आणि पोरीला हसतं ठेवा म्हणाले. जोशांनी शनी काढला. शनीला तेल वाहून झालं. शनी हलला असेल, पोट हललं नाही.

मला एक गोष्ट खटकत होती. आनंदी एकादशीला बरी असायची. उपासाला दोन खजूर आणि दूध, दिवसभर काही नाही. द्वादशीला जेवली की आडवी. तुमच्या आईला सांगितलं तर म्हणाल्या, देवाचं नाव घेतलं की मन ताळ्यावर येतं. मी म्हटलं, देव द्वादशीला कुठे जातो?

आधी मी पाण्यावर संशय घेतला. हडपसरच्या आमच्या विहिरीच्या घागरी रोज गाडीनं पाठवल्या. तुमचे वडील माझ्या लेकाला म्हणाले, आता आजीही नातीच्या वळणावर गेली. पाण्यानं फरक पडला नाही. मग उरलं अन्न. आणि अन्न पाहायचं तर तुमच्या सोवळ्याच्या स्वैपाकघरात शिरायला हवं. तिथे वैद्य जात नाही, हकीम जात नाही, माझा लेकही जात नाही. मी सोवळी बाई, मला कोण अडवणार? अडवत होती ती आमचीच रीत. नातीला मूल होईपर्यंत आम्ही तिच्या घरी पाण्याचा थेंबही घेत नाही. म्हणून लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी तिच्या माहेरचं कुणी तुमच्या घरी जेवलेलं नाही. ती रीत मी मोडली. मार्गशीर्षात गाठोडं घेऊन आले आणि विहीणबाईंना सांगितलं की आजपासून मी इथे जेवणार, तेही आनंदीबरोबर. त्यांनी कपाळाला हात लावला. मी पाट मांडला.

इथवर लिहून दोन दिवस ठेवून दिलं होतं. पाहुणे आले होते.

आता नीट वाचा, कारण तुम्ही त्याच घरात वाढलात आणि तुम्हाला हे दिसलेलं नाही. दिसणार कसं? तुम्ही पहिल्या पंगतीला बसता. आमसुलाचं सार चुलीवरून उतरतं आणि वाफ निघते तोवर तुमच्या वाटीत पडतं. मग तुमच्या आई बसतात. मग उष्टी, शेण, सोवळं वाळत घालणं, देवघर, आणि ऊन अंगणातून भिंतीवर चढलं की आनंदी बसते. तोवर ते सार त्याच पितळी पातेल्यात पडून असतं. शेवटचं सार, तळाचं, तिच्या वाटीत.

मी पातेल्यात डोकावले. आतून पिवळंधमक, दसऱ्याच्या झेंडूसारखं. आणि सार जिथवर होतं तिथे कडेला हिरवी रेघ.

पातेलं आतून पिवळं दिसतंच कसं? कल्हईचं भांडं आतून पांढरं असतं. मी विहीणबाईंना विचारलं, कल्हई कधी लावली. तेव्हा कळलं. काशीहून आल्यावर त्यांनी नेम घेतला की सोवळ्यातल्या भांड्याला परका हात लागू द्यायचा नाही. रहीम कल्हईकर तुमच्या आजोबांच्या वेळेपासून दसऱ्याला येत होता, त्याला दारातून परत पाठवलं. कल्हईऐवजी चिंच आणि राख. आनंदीनं रोज एवढं घासलं की होती नव्हती ती कल्हई घासून निघाली. भांडं आरशासारखं झालं आणि तुमच्या आईनं सगळ्या आळीत तिचं कौतुक केलं. त्या घरात तिचं झालेलं तेवढंच कौतुक.

पितळेत आंबट कळकतं, त्याचं विष होतं, हे चुलीपाशी बसणारी पोरही जाणते. तुमच्या आईही जाणतात. पण कळकायला वेळ लागतो, आणि तो वेळ फक्त आनंदीच्या वाटणीला येत होता. विहीणबाई म्हणाल्या, मग आम्हाला का बाधत नाही? मी म्हटलं, एक दिवस तुम्ही शेवटी बसा. त्या उठून देवघरात गेल्या.

मी घरून माझी दगडी, दगडाची वाडगी, आणवली. सार उतरलं की आनंदीपुरतं लगेच त्या दगडीत काढून ठेवायचं, एवढाच बदल. घर तेच, सासू तीच, नवरा अजून परमुलखीच. पोरीची ओकारी थांबली. तोंडाची चव गेली. परवा तिनं दुसऱ्यांदा भात मागितला, आणि मला भांड्याकडे बघत बसावं लागलं, तिच्याकडे बघवेना.

मी वैद्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी नाडी पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "पाहा, आजी जवळ आल्या आणि मन रमलं. मी हेच म्हणत होतो."

यज्ञेश्वरपंत, मी नवरा आणि दोन लेक मसणात पोचवले आहेत. पण त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. बरी झाली तरी मन, आजारी पडली तरी मन. या मनाला एक दिवस तरी सुट्टी नको का?

पाहुणे कुणी आले नव्हते. मी पडून होते. बोरूही चांगला आहे, हात कापतो आहे. लिहिणार नव्हते, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही. आनंदी दगडीतलं जेवायला लागली तेव्हापासून त्या पातेल्यातलं तळाचं सार मी जेवत होते. तिच्याच वेळेला, तिच्याच वाटीनं. मला सासू नाही, माहेर नाही, कुणाची वाट पाहायची नाही, तेव्हा माझ्या चित्ताला बिघडायला काही कारण नव्हतं. आठवडाभरात मला तीच मळमळ, तोच पिळवटा, तोंडात तोच ढबू पैसा. मग मीही हिरवं ओकले. आनंदी पाठीवरून हात फिरवत रडत होती आणि मला मात्र बरं वाटत होतं, की आता तरी दोष पातेल्याचा म्हणतील.

वैद्य आले. माझी नाडी पाहिली. नातीच्या काळजीनं आजीचं चित्त विचलित झालं आहे, म्हणाले. माझ्या चित्ताची आजवर कुणी चौकशी केली नव्हती, या वयात त्याला एवढा मान आला.

पण तुमच्या आई दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मला ओकताना पाहिलं. त्या दिवशी पातेल्यात उरलेलं सार त्यांनी आपल्या हातानं अंगणात ओतलं. मी म्हटलं, विहीणबाई, आता रहीमला बोलावू. त्या म्हणाल्या, "नेम देवाला दिलाय हो. तो मागे कसा घेऊ?" त्यांचा आवाज मोठा नव्हता. त्या वाईट नाहीत. घाबरल्या आहेत, देवाला आणि माझ्या म्हणण्याला, दोघांनाही.

मग मीच रहीमला निरोप धाडला आणि उठले. पातेलं घेतलं आणि भिंतीला धरून दारापर्यंत गेले. रहीमनं अंगणात भाता लावला, नवसागराचा धूर आळीभर झाला, शेजारणी सज्जात येऊन उभ्या राहिल्या. भांडं आतून चांदीसारखं झालं. रहीम म्हणाला, "आजी, हे परत आत घेतील का?" मी म्हटलं, तू तुझं काम केलंस, ते मी बघते. आत घेतलेलं नाही. ओसरीवर पालथं पडलं आहे. सार अजून जुन्याच दुसऱ्या पातेल्यात शिजतं, तेही आतून पिवळं.

आता जे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ते लिहिते. तुमचे वडील आप्पासाहेब म्हणाले की फाल्गुनात तुमचं दुसरं लग्न ठरतं आहे, मुलगी पाहून झाली आहे, आणि तुमचा होकार आला आहे. आनंदीला कायमची हडपसरला पोचवायची. वैद्यांचंही तेच मत आहे म्हणे. मी आप्पासाहेबांना विचारलं, पोराला काय कळवलंत? म्हणाले, सून भ्रमिष्ट झाली असं. मग तुमचा तरी काय दोष? तुम्हाला जे कळवलं त्याला तुम्ही होकार दिलात. आता खरं कळलं आहे. आता जो होकार राहील तो सर्वस्वी तुमचा.

नातीला पोसायला मला जड नाही. हडपसरला भाकरी आहे. पण ती भ्रमिष्ट म्हणून तुमच्या घरातून बाहेर पडली तर जन्मभर भ्रमिष्ट राहील. डोकं दुखलं म्हणेल तर भ्रम, रडेल तर भ्रम, हसेल तरी भ्रम. आणि नवी येईल तीही शेवटीच जेवेल, त्याच पातेल्यातलं. पुढच्या पौषात तिचीही आजी मला भेटायला येईल.

तेव्हा आप्पासाहेबांना स्पष्ट लिहा की दुसरं लग्न करणार नाही. आईला लिहा की भांडी कल्हईला द्यावीत. एकुलत्या लेकानं आज्ञेसारखं लिहिलं तर नेम मोडल्याचं पाप तुमच्या माथी येईल आणि त्यांची सुटका होईल. त्यांना सुटका हवी आहे, मी पाहिलं आहे. मी इथून हलत नाही. पातेलं आत जाईपर्यंत ओसरीवर पातेलं आणि ओसरीवर मी.

आनंदीचं पोट बरं आहे, पण ती बरी नाही. घास उचलला की थांबते आणि मला हळूच विचारते, "आजी, आधी दुखत होतं ते खरंच दुखत होतं ना? की मीच करत होते?" एवढी शहाणी माणसं इतके महिने सांगत राहिली, पोरीनं ऐकलं. मी दहा वेळा सांगितलं. मी तिची आजी, मी तसंच म्हणणार, असं तिला वाटतं.

लोभ असावा हे मी लिहीत नाही. लोभ काय असायचा तो तुमच्या उत्तरावर ठरेल.

द्वारकाबाई

या पत्राचं उत्तर मला नको, आप्पासाहेबांच्या पत्रात एका ओळीत नको, छावणीतल्या कारकुनाच्या अक्षरात तर मुळीच नको. ते आनंदीच्या नावानं यावं. नवऱ्यानं बायकोला पत्र लिहायची चाल नाही हे मला ठाऊक आहे. तिला वाचता येतं, मीच शिकवलं. एकच ओळ लिहिलीत तरी चालेल, की तू खरं सांगत होतीस. ती ओळ तुम्ही लिहायची, यज्ञेश्वरपंत, दुसऱ्या कुणी नाही.