कुंपणालगतच्या पिवळ्या काठ्या

रविवार, २९ सप्टेंबर
दुपारी, जेवणं उरकल्यावर

प्रिय टिटवे,

तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून अर्ध्यावर बसून चढतेस की आता बरं वाटतंय? डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? घरमालकीणबाईंचा खोकला थांबला का? आणि त्यांच्या म्हाताऱ्या मांजराचा कान? पाच वर्षांनी तुझं पत्र आलं, त्यात ओळी सात आणि त्यातल्या चार मांजराच्या कानावर. तरी मी ते तीनदा वाचलं.

उरलेल्या तीन ओळीही वाचल्या. छापखान्यातली पुस्तकबांधणीची नोकरी संपली. आता ती खोली कायमची ठेवायची की सोडायची, हे पंधरा तारखेपर्यंत घरमालकीणबाईंना सांगायचं आहे. ‘बहुतेक इकडेच राहीन’ असं लिहिलंस. त्या ‘बहुतेक’ला धरून मी लिहायला बसले आहे.

इकडे सगळी खुशाल. माझा रक्तदाब माझ्यापेक्षा शहाणा निघाला, गोळी दिली की गप बसतो. मुलाला बढती मिळाली, म्हणजे काम तेच आणि डोकेदुखी दुप्पट. नात, आपली भिंगरी, नऊ वर्षांची झाली. बोलण्यात थेट तुझ्यावर गेली आहे, तिच्यापुढे माझी डाळ शिजत नाही.

मधमाश्यांच्या पेट्या आता अकरा आहेत. यंदा मध इतका आला की चौकटी उचलताना मनगट भरून येतं. पण वास! सूनबाई दोन दिवस मेलेला उंदीर शोधत होती. कपाट ओढलं, गाद्या उलथल्या. शेवटी मला म्हणाली, “आई, तुमच्या चिरंजीवांचे मोजे कुठं तरी कोंबलेले आहेत.”

मी म्हटलं, “त्या बिचाऱ्याला कशाला दोष देतेस? वास पेट्यांकडून येतोय. पिवळ्या काठ्यांच्या फुलांचा मध पिकताना असाच वास मारतो.”

“पिवळ्या काठ्या? पण त्या तर तुम्ही...” एवढं बोलून तिनं गादी सरळ करायला घेतली. समजूतदार आहे पोर.

हो टिटवे, काठ्या पुन्हा आल्या आहेत. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या डोक्याच्या वर हातभर. शेंड्याला बारीक पिवळ्या फुलांचे तुरे, आणि त्यावर माश्या अशा लोंबतात की काठी वाकते. तू ओढ्याकाठून पोत्यात मुळं भरून आणली होतीस. थंडीच्या तोंडावर सगळी फुलं संपतात तेव्हा माझ्या माश्यांना चारा हवा, म्हणून. भिंगरीच्या धापेचं खापर त्यांच्यावर फोडून मी उपटल्या त्या वरच्या वर. मुळं खालून पसरत राहिली. दर वसंतात कोंब यायचे आणि मी खुरपं घेऊन हजर. यंदा काढले नाहीत.

त्याचं कारण असं. मार्चमध्ये भिंगरीला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काठ्या जाऊन पाच वर्षं झाली, तरी तिचं शिंकणं आणि धाप लागणं काही जाईना, उलट वाढलं. बाईंनी तिच्या हातावर निरनिराळ्या परागांच्या थेंबांची रांग मांडली आणि प्रत्येक थेंबाखाली बारीक टोचलं. ज्या थेंबाखाली गांधी उठेल तो गुन्हेगार. पिवळ्या फुलाच्या थेंबाखाली काही म्हणजे काही उठलं नाही. शेजारच्या थेंबाखाली मात्र पावलीएवढी फुगली.

“हे कसलं?” मी विचारलं.

“एक तण असतं, आजी. पिवळ्याच्याच दिवसांत फुलतं, पण फुलं हिरवी, दिसतसुद्धा नाहीत. त्याचा पराग वाऱ्यावर उडतो. पिवळ्याचा जड आणि चिकट असतो, तो माशीच्या पायाला चिकटून जातो. नाकापर्यंत येतोच कुठं? लोक पिवळ्यावर आळ घेतात, कारण डोळ्यांना तेच दिसतं.”

भिंगरी लगेच म्हणाली, “आमच्या आजीकडे माश्या आहेत. तिला हे माहीत असणार.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीचा बंद नीट करत बसले.

शाळा माझी चौथीत सुटली. बाकीचं सगळं मी माश्यांकडे बघून शिकले, आणि तीस वर्षं त्यांच्या पायांवर ते पिवळे गोळे बघत आले. आणि मीच चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. तू छापखान्यात होतीस, त्या सकाळी सगळ्या काठ्या उपटून जाळल्या. मोकळ्या झालेल्या जागेत ते हिरवं तण माजलं, आणि ते कुणाच्या अध्यात ना मध्यात दिसलं म्हणून मी हात लावला नाही. पोरीचा त्रास मी स्वतः पोसला. आता ते मुळासकट काढलं आहे. या मोसमात भिंगरीच्या छातीत शिट्टी वाजली नाही. काल कुंपणापर्यंत पळत गेली आणि पळतच आली.

मार्चपासून तुला सहा पत्रं लिहिली. सहाही फाडली, कारण प्रत्येकात काठ्यांची गोष्ट सांगून सही केली होती. काठ्यांसाठी तू घर सोडलं नाहीस हे मला माहीत आहे.

संध्याकाळी तू आलीस, राख बघितलीस आणि एवढंच म्हणालीस, “मला विचारायचं तरी होतंस, ताई.” त्यावर मी म्हणाले, “स्वतःचं मूल असतं तर विचारायची गरज पडली नसती.” सूनबाई दारात उभी होती. भिंगरी तुझ्या कडेवर होती. तिला धाप लागली की मांडीवर उभी धरून बसणारी तूच, मी नव्हे, आणि ते मी तिला तुझ्या कडेवर बघत बोलले. रागात तोंडून गेलं असं मी लोकांना सांगते. तसं नाही. कुठं लागेल ते मला ठाऊक होतं, म्हणूनच बोलले. पोर तुझ्याकडे झेपावायची, माझ्याकडे नाही, हे मला सलत होतं.

लिहिलं एकदाचं. चहा करून प्यायले आणि पुन्हा वाचलं. हे फाडणार नाही.

तुझ्या खोलीत मी बरण्या ठेवल्या होत्या, त्या काढल्या. खिडकीचा कडीकोयंडा बदलला. मुलगा म्हणतो, मावशीला खालची खोली देऊ, गुडघ्यांना बरं. सूनबाई म्हणते, आधी तिला विचारा. बघ, घरात विचारायची पद्धत आली आहे. माफ केलंस तरच ये असंही नाही. रागावून राहायचं असेल तर इथं येऊन रागाव, जागा आहे.

पंधरा तारखेच्या आत दोन ओळी टाक. येणार असशील तर गाडीची वेळ लिही. येणार नसशील तरी लिही, म्हणजे मी तिकडे येईन. हे सगळं तुझ्यासमोर बसून, तोंडानं म्हणायचं बाकी आहे.

मी मोठी, मी आशीर्वाद लिहायचे. या खेपेला नमस्कार लिहिते.

तुझी
ताई