कारुरूची दुसरी ताटली

२४ सप्टेंबर
केटामिनच्या तीन सलाईन झाल्या. फरक शून्य. सहा वर्षांत नैराश्यावरच्या पाच तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, त्यांनीही हेच केलं. डॉक्टर तायनारा म्हणाली, "दोना इव्होनी, चौथ्या सलाईनच्या दिवशी रक्त घेऊ. ज्यांना औषध लागू पडतं त्यांच्या रक्तातलं सुजेचं प्रमाण उतरतं का, तेच तर शोधतोय आम्ही." काहीच फरक दिसला नाही तर माझी जागा दुसऱ्याला. बाहेर चाळीस जण थांबलेत.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, आणि आता मलाच भूक लागत नाही, माझी जुसारा मला चमच्याने भरवते. पोटच्या पोरीसमोर तोंड उघडायची लाज वाटते.

२७ सप्टेंबर
काय करून बसले मी!
रक्त आणि सलाईन तीन वाजता. सकाळी आठपासून कडक उपास. आणि नेमका आज कोस्मे-दामियाव या जुळ्या संतांचा सण. शेजारच्या झिल्देतीने रिवाजाप्रमाणे आधी सात मुलांना जेवू घातलं, मग गल्लीत प्रसादाचं कारुरू वाटत फिरली. माझ्याकडे स्वतः आली. "संतांचं आहे हं. नाही म्हणालीस तर त्यांनाच नाव सांगेन तुझं."
म्हटलं, दोन घास. भेंडी, सुकी कोळंबी, वर देंदे पामचं लाल तेल - ताटली कधी रिकामी झाली कळलं नाही. मग तिच्या दारात जाऊन दुसरी मागून आणली. उभ्या उभ्या खाल्ली. बोटाने पुसून.
दवाखान्यात नर्सने विचारलं, "उपाशी ना?" म्हटलं, "हो."
सलाईन चालू असताना मळमळलं. दात आवळून पडून राहिले. उलटीत भेंडी निघाली असती तर?
मग तायनाराचे नेहमीचे प्रश्न. झोप? तशीच. रडू? तसंच. भूक? आता खरं कसं सांगणार! "अजिबात नाही." तिचा चेहरा उतरला. लिहून घेतलं.

२८ सप्टेंबर
दिवसभर पांघरुणात. चोर आहे मी.

३० सप्टेंबर
तायनाराचा फोन. रक्त गढूळ निघालं, चरबीने भरलेलं. मोजताच येईना. "उपाशीपोटी असं? दुसरं काही दुखणं तर नाही ना तुम्हाला?" बिचारी काळजीत. सोमवारी बैठक, आता नुसत्या उत्तरांवरून ठरवणार. बंद करतील, आवाजावरूनच कळलं.
जुसारा म्हणाली, "आई, तू प्रयत्न तर केलास." मग ओट्याकडे तोंड करून रडली. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी केवढं फैलावर घ्यायचे!

२ ऑक्टोबर
बैठकीआधी एकटीच बसने गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं. तायनारा भडकली. "भरल्या पोटी सलाईन! गुदमरला असतात माझ्यासमोर!" कान धरायचा तेवढा बाकी होता. मग एकदम थांबली.
"किती खाल्लंत?"
"दोन ताटल्या."
"दुसरी कोणी दिली?"
"मीच गेले मागायला."
"याआधी असं मागून कधी खाल्लं होतंत?"
आठवेना. नवरा होता तेव्हा असेल. तिने कागद ओढला आणि भुकेसमोरचं माझं 'अजिबात नाही' खोडलं.

३ ऑक्टोबर
रक्ताची नळी बाद केली. मला नाही. पाचवी सलाईन उद्या तीनला, आठपासून उपाशी राहायचं. राहवेल का, याची धास्ती वाटतेय.