खड्यांच्या पाठीची चांदी

॥ देवाची कृपा ॥

काउफबॉयरेन, ३ फेब्रुवारी १९४९

ती. ओटिलीवन्सं यांस, वाल्बर्गाचा सा. न. वि. वि.

काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे पत्र का लिहिलं ते आपोआप कळेल. काचेचे खडे वीस ग्रोस, म्हणजे दोनशे चाळीस डझन, नऊ मार्क. चांदीच्या क्षाराची बाटली, जेमतेम अंगठ्याएवढी, बारा मार्क चाळीस फेनिग. ब्रोचच्या टाचण्या शेजारच्या पोसेल्टांनी अमेरिकन दुधाच्या डब्यांचे पत्रे कापून केल्या, त्यांना दोन पाव दिले. आणि वन्सं, मागणी आली! न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याची, दोनशे डझन ब्रोच! चेकांनी आपल्याला जर्मन म्हणून गाब्लोंझमधून हाकलून दिल्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासूनची ही पहिली खरी मागणी. इथे दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या पडक्या भिंतींत आपलीच माणसं राहतात. बातमी कळली तशी सगळ्या बायका चुली सोडून बाहेर आल्या. म्हातारी फ्राउ याकेल तर एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली आणि लगेच विचारती झाली, की खडे बसवायला तिला घेणार ना.

आता रडगाणं. पाच मार्चला नमुन्याचे ब्रोच लावलेलं कार्ड निर्यातदाराच्या हातात पडलं नाही, तर मागणी दुसरीकडे जाईल. आपल्याकडे अख्खा दागिना कुणालाच येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! काच दाबणारा इथे आहे, पैलू पाडणारा आहे, सोनेरी मुलामा देणारासुद्धा सापडला. पण खड्याच्या पाठीला चांदी लावणारं कुणी नाही. चांदीवाचून खडा कसा दिसतो, तर भांडी घासल्यावर बोटाला राहिलेल्या थेंबासारखा.

हे आणि पोसेल्ट आठ दिवस खटपट करताहेत. पाणी दुधाळ होतं, मग तपकिरी होतं, आणि जी काही चांदी बसते ती नखानं निघते. हे म्हणतात क्षारात भेसळ आहे. पोसेल्ट म्हणतात भेसळ ह्यांच्या हातात आहे. दोन दिवस अबोला होता.

गाब्लोंझमध्ये तुमच्या सासरच्या, एंडलरांच्या चांदीला तोड नव्हती. रुडॉल्फ भावोजींची वही असेल, तर त्यातला एक कागद उतरवून पाठवाल का? कोणत्या तोंडानं मागते आहे, ते मला कळतं. चौतीस साली ह्यांनी तुमच्या सासऱ्यांच्या, झाडाच्या पानाच्या आकाराच्या क्लिपची नक्कल केली आणि डझनामागे दोन क्रोन कमी घेऊन विकली. तेव्हापासून तुमची पायरी आम्हाला बंद. हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिलं आहे.

पूर्वीचा लोभ उरला असेल तर त्यातला चिमूटभर पाठवावा.

तुमची वाल्बर्गा

॥ देवाची कृपा ॥

हेसे, ९ फेब्रुवारी १९४९

चि. सौ. वाल्बर्गास ओटिलीचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. मग आम्ही जिच्याकडे राहतो त्या शेतकरणीची बीटं सोलली. मग पुन्हा वाचलं. पंधरा वर्षांनी भावाच्या घरून पत्र येतं आणि त्यात विचारपूस दोन ओळींचीही नाही, सगळी चांदीची! पण तू खरं लिहिलंस, म्हणून रागावत नाही.

वही नाही. कधीच नव्हती. आणि आता एक गोष्ट ऐक, जी गाब्लोंझमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. रुडॉल्फचा हात जड. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी तीन ग्रोस खडे वाया घालवले. सासूबाईंनी त्यांना बाजूला सारलं, मला पुढे बसवलं, आणि त्या दिवसापासून एंडलरांची चांदी म्हणून जी मिरवली ती माझ्या हातची. निर्यातदार येई तेव्हा रुडॉल्फ बाही सरसावून उभे राहायचे आणि मी कॉफी आणायची. आत्ता हे वाचून दाखवलं, तर म्हणतात, बाही तरी नीट सरसावत होतो की नाही!

कृती पत्रात लिहिणार नाही. सासूबाईंनी क्रूसावर हात ठेवून वचन घेतलं होतं, की ही विद्या हातानं हाताला द्यायची, कागदाला नाही. पण एक प्रश्न विचारते, तेवढ्यानं वचन मोडत नाही. तुमच्या तिथल्या पाण्यात साबणाला फेस येतो का?

आणि एर्न्स्टला विचार, ते पान आपल्याच डोक्यातून निघालं असं तो अजून म्हणतो का.

माया आहे, पण ती फुकट समजू नये.

ओटिली

॥ देवाची कृपा ॥

काउफबॉयरेन, १३ फेब्रुवारी, रविवार

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

फेस! वन्सं, फेस येतच नाही! साबणाची वडी संपते आणि पाण्यावर नुसती दह्यासारखी साय तरंगते. किटलीच्या आत पांढरी खपली इतकी जाड, की मी ती दर महिन्याला चमच्यानं खरवडते. आपल्या डोंगरातलं पाणी मऊ, इथलं चुन्याचं! तीन वर्षं मी साबण जास्त लागतो म्हणून कुरकुरत होते, आणि हे दोघे शहाणे क्षाराला नावं ठेवत बसले. मी तुमचं पत्र हातात घेऊन तशीच बाहेर धावले आणि छपरावरचं बर्फ बादलीत भरलं. वितळवलं, तीनदा गाळलं, उकळलं. क्षार टाकला. काचेसारखं स्वच्छ! पोसेल्टांनी टोपी काढली. मला नव्हे, बादलीला.

पण दहांतल्या तीन खड्यांवरच चांदी टिकली. बाकीच्यांची कडेनं सुटते. तेवढं तुमच्या हातातच आहे, ते कळलं.

पत्र हातात होतं, त्यामुळे ह्यांनी पाहिलं. वाचलं. मग म्हणाले, की पान डोक्यातून निघालं नव्हतं. चौतीसच्या ईस्टरला तुम्ही ती क्लिप कॉलरला लावून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला होता, आणि अख्ख्या मिस्सामध्ये ह्यांनी ती प्रार्थनेच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. वन्सं, मी शेजारीच बसले होते! मला वाटलं, नवऱ्याला इतका भक्तिभाव कधी आला! काल हे पापनिवेदनाला गेले, तर पाद्रीबाबांनी सांगितलं, की पंधरा वर्षं देवाला सांगतो आहेस, देवाला ते आधीपासून ठाऊक आहे, आता ज्याचं चोरलंस त्याला सांग. म्हणून खालच्या दोन ओळी त्यांच्या हातच्या आहेत.

रुडॉल्फ, पान तुमच्या वडिलांचं होतं. मी चोरलं, आणि वर त्यांना म्हातारपणी सुचत नाही असं बाजारात बोललो. एर्न्स्ट.

आता तुम्हाला इकडे या म्हणायला मला तोंड आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा. दिवस वीस उरले.

तुमची वाल्बर्गा

॥ देवाची कृपा ॥

हेसे, १८ फेब्रुवारी १९४९

चि. सौ. वाल्बर्गास आशीर्वाद.

रुडॉल्फनी त्या दोन ओळी खिशात ठेवल्या आहेत आणि शेतकऱ्याच्या गाईंना वाचून दाखवतात. म्हणतात, दुसरी ओळ एर्न्स्टनं लिहिली नसती तरी चाललं असतं, कारण ती त्यांना ठाऊकच नव्हती. पण लिहिली, म्हणूनच पहिली खरी वाटते. त्यांच्याकडून झालं गेलं संपलं.

माझं संपलेलं नाही. मी येईन, पण आधी माझी गोष्ट ऐका. मला एर्न्स्टच्या छपराखाली मजुरीनं बसायचं नाही, आणि रुडॉल्फच्या बाहीमागेही नाही. आपला माल अमेरिकेत जातो तेव्हा त्यावर दुकानदाराचं नाव असतं, करणाऱ्याचं कधीच नसतं. ते मी बदलू शकत नाही. पण कारखान्याच्या दारावरची पाटी आपल्या हातात आहे. चांदीचं काम वेगळं, खोली वेगळी, निर्यातदाराचा कागद माझ्या नावानं. वीस वर्षं मी कॉफी आणली, आता बसून पिणार. भावाला हे झेपणार असेल तर कळवा. नसेल तर बीटं पुष्कळ आहेत इथे.

हो की नाही, एवढंच लिही. लोभ किती ठेवायचा ते त्यावर ठरेल.

ओटिली

॥ देवाची कृपा ॥

काउफबॉयरेन, २२ फेब्रुवारी १९४९

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

हो! हो, आणि लवकर! काल दुपारपासून डोंगराकडून गरम वारा सुटला आहे आणि छपरं गळायला लागली आहेत. बर्फ चाललं! रात्रीपासून अख्खी वस्ती फावडी घेऊन धावते आहे. कपड्यांचे टब, दुधाचे कॅन, फ्राउ याकेलचं सूपचं पातेलं, सगळं भरून सावलीला ठेवलं आहे. पोरांना ताकीद दिली आहे, की त्या पाण्यात बोट घातलं तर ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस आजच सुरू होतील.

खोली उत्तरेकडची दिली आहे, खिडकीला काच आहे. निर्यातदारानं आधी तोंड वाकडं केलं, पुरुषाचं नाव हवं म्हणाला. ह्यांनी आपल्या हातचे तीन आणि वाया गेलेले सात खडे त्याच्यापुढे मांडले आणि सांगितलं, की हे पुरुषाचं काम. कागद तुमच्या नावानं निघाला.

पाटी ह्यांनीच रंगवली. नुसतं ओटिली एंडलर, खाली चांदीकाम. पोसेल्टांनी घाबरून विचारलं, रुडॉल्फ वारले की काय. हे म्हणाले, नाही, ते पाणी वाहणार आहेत.

गाडी कोणती, स्टेशनवर हातगाडी किती वाजता आणायची, ते उलट टपाली कळवा. खरं तर तारच करा. पैसे मी देईन.

तुमची वाल्बर्गा